गवाणकर सरांचा कोरा विद्यार्थी

चंद्र पृथ्वीवर का पडत नाही, हे गवाणकर सर चौथ्यांदा समजावत होते, आणि समोरच्या यंत्राच्या शंका काही संपत नव्हत्या. आता परीक्षा शिक्षकांचीच होई. समोर कोरं यंत्र ठेवत. ते शिकलं तर नोकरी राहायची, नाहीतर घरी बसायचं.

"सर, चंद्र पडतच असेल, पण दर वेळी पृथ्वीला चुकवून पुढे जात असेल तर?" यंत्राने विचारलं.

"अरे ठोंब्या, डोकं आहे की खोकं? सांगतोय तेवढं ऐक!" सरांनी टेबलावर हात आपटला. "गुरुत्वाकर्षण आणि वेग यांच्या संतुलनामुळे चंद्र पडत नाही. समजलं?"

"हो, सर."

सुटलो एकदाचा, म्हणत सरांनी घाम पुसला आणि परीक्षक लोटलीकरबाईंना आत बोलावलं. यंत्राने ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान. पण संतुलन म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं.

"असं विचारायचं नसतं, बाई."

बाईंनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. सर खवळले. "गाढवा, हे मी कधी शिकवलं तुला?"

"चुकलं, सर," यंत्र पुटपुटलं.