तुमच्या शब्दाबाहेर

मूकपटाच्या कंपनीचा मालक थोरला. पडद्यावरही शेठ तोच, आणि त्याचा इमानी भाऊ म्हणून धाकटा. "अजून वाक, जरा माया दिसू दे," म्हणत त्यानं दिवसभर पाया पडायला लावलं, तेव्हा धाकट्याचं डोकंच सटकलं. आवाज थोडाच उमटणार होता! हात जोडून, डबडबल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "आईच्या नकळत गावचं घर विकलंस, मी तोंड शिवून बसलो. आता मलाही विकून खा!"

पहिल्या खेळाला पडद्यावर त्याचे ओठ हलले आणि पाठोपाठ पाटी आली : "दादा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

उभा जन्म लोकांचे ओठ वाचत आलेली त्यांची ठार बहिरी आई थोरल्याकडे वळली.

"घर कधी विकलंस रे?"