घरातल्या कड्या

आगीत दाराची कडी अडकली, आईबाबा आतच राहिले. सात वर्षांची लेक तेवढी खिडकीतून वाचली. मावशीने तिला आपल्याकडे आणलं. पण कुणीही कडी लावली की पोर थरथरायची. दोन महिने तोंडातून शब्द नव्हता. “काळ जाऊ दे,” शेजारी म्हणायचे. मावशीला हातावर हात ठेवून बसणं जमेना. तिने पोरीच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिला आणि दोघी घरातली एकेक कडी उतरवत निघाल्या. बाथरूमपाशी सासूबाई आडव्या आल्या. “एवढी तरी ठेव गं, म्हातारीची अब्रू जाईल.” “आत गाणं म्हणत बसा, आई.” “माझं गाणं ऐकून शेजारी घर सोडतील.” शेवटचा स्क्रू पोरीनेच काढला. सासूबाई पुटपुटत आत गेल्या. पोर दार ओढून त्याला पाठ लावून बसली. “सावकाश आंघोळ कर, आजी,” ती म्हणाली. “मी कुणाला आत सोडणार नाही.”