बहिणीची किडनी

“गोळ्या थांबवायच्या की नाही, ते आज ठरवा,” डॉक्टरीण म्हणाली. तिने छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. घनश्यामच्या उजव्या फुप्फुसातला पांढरा डाग मागच्या आठवड्यात बोराएवढा होता. आता कापसाच्या बोंडाएवढा झाला होता.

भागीरथा खाटेच्या कडेला बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिनेच या धाकट्या भावाला किडनी दिली होती.

“फुप्फुसातल्या बुरशीचं औषध सलाइनमधून चालू आहे. पण नुसत्या औषधानं ती हटत नाही, मावशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी तिला मारायला पाहिजे. त्यांनी किडनीवर चालून जाऊ नये म्हणून आपण गोळ्या देऊन त्यांना दाबून ठेवलंय. गोळ्या थांबवल्या तर त्या उठतील, बुरशीशी लढतील. पण मग किडनीही वाचायची नाही बहुतेक. पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल.”

“सख्ख्या बहिणीची हाय ती. तरी?”

“पेशींना नातं कळत नाही.”

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली.

“गोळ्या बंद नाई करायच्या,” घनश्याम म्हणाला. त्याला धाप लागली होती. “दोन वर्षं जपली म्या तिले. तुह्या नवऱ्यानं तुले नाई जपलं इतकी.”

“भाऊजीले बोलाची हौस नाई जात तुही.”

तो हसला आणि त्याला खोकला आला. भागीरथाने रुमाल पुढे केला, रक्त दिसताच घडी घालून मुठीत धरला.

“कायले भरलं रे ते कुटार?” ती म्हणाली. “पावसानं काळं पडलं होतं. धुळीत जाऊ नको म्हणून सांगतलं होतं न तुले?”

“मंग काय तू भरतीस? एका किडनीवर?”

दिवाळीत तो केळापूरला तिच्या घरी आला होता, तेव्हा भिजून बुरसलेलं कुटार, गुरांचा भुसा, त्यानेच पोत्यांत भरलं होतं. ऑपरेशनला दोन वर्षं झाली तरी घरचे तिला रिकामं टोपलंही उचलू देत नव्हते. डॉक्टरांनी तिला सगळी कामं करायची मोकळीक केव्हाच दिली होती. घरच्यांच्या जपण्याचं तिलाही बरं वाटायचं, म्हणून ती कुणाला काही बोलली नव्हती.

“घनश्याम, किडनी तुह्यासाठी देल्ली म्या,” ती म्हणाली. “तिच्यापायी तू मरू नको.”

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग होकारार्थी मान हलवली. भागीरथा उठून गोळ्या थांबवायला नर्सला सांगून आली.

नऊ वाजता त्याचा मोबाइल वाजला. गोळीची वेळ झाली होती. तिने तो बंद केला. मग चादर जराशी सारून त्याच्या पोटावर, टाक्यांची जुनी रेघ होती तिथे, तळहात ठेवला.

“काय करून राह्यली, बाई?”

“काई नाई. भेटून राह्यली.”