दोन इंच खाली

नऊ वर्षं दर रविवारी तो जुन्या स्पोर्ट्स कारखाली आडवा असायचा आणि बायको शेजारी स्टुलावर बसून पाने पुरवायची. खालून त्याला तिचा हात तेवढा दिसायचा. आज गाडी एकदाची तयार झाली. ऐटीत दिसावी म्हणून नव्या स्प्रिंगा घालून त्याने ती चांगली दोन इंच खाली बसवली होती. थकल्या हाताने त्याने दार उघडलं. “चल, पहिली फेरी तुझी.” ती दार धरून वाकली, कण्हली, पुन्हा वाकली. गुडघे काही ऐकेनात. “अहो, ही गाडी आहे की सतरंजी?” म्हणत ती दमून परत स्टुलावर टेकली. “गुडघे इतके कधीपासून धरलेत? बोलली का नाहीस?” “बोलले होते दोनदा. तुम्ही गाडीखाली होतात.” जुन्या स्प्रिंगा घेऊन तो पुन्हा आडवा झाला. पाना घेताना म्हणाला, “हं, सांग आता गुडघ्यांचं.”