शेवटचा संशय

इर्बिद शहरातला ट्रकवाला नव्वाफ जागरणाच्या गोळ्या खाऊन वाळवंट पालथं घालायचा. हळूहळू त्याला संशयाने घेरलं. छतावरची कबुतरं पोलिसांची आहेत आणि अंगावर उठणारे निळे डाग म्हणजे मेहुण्यांनी झोपेत काढलेले चिमटे आहेत, अशी त्याची खात्रीच पटली. बायको रुदैनाने त्याला ओढतच दवाखान्यात आणलं.

रक्त तपासून डॉक्टर लमीस म्हणाल्या, "गोळ्यांनी तुमच्या प्लेटलेट्स घटल्यात, म्हणून हे डाग. आणि संशयही गोळ्यांचाच प्रताप. आजपासून एकही नको!"

महिन्याभराने नव्वाफ रुदैनासोबत हसत तपासणीला आला. डाग गेले होते.

"आणि कबुतरं?"

"बिचारी दाणे टिपतात."

"मेहुणे?"

"महाआळशी आहेत हो. माझ्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार?"

"छान! आता कसलाच संशय उरला नाही ना?"

नव्वाफ कुजबुजला, "एकच. ही माझ्या नकळत ट्रकमध्ये शिरते, असं वाटतं."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि औषध लिहून द्यायला पेन उचललं.



"थांबा डॉक्टर, तेवढं खरंय," रुदैना घाईघाईने म्हणाली. "यांच्या चोरकप्प्यातल्या जागरणाच्या गोळ्या काढून मी पुदिन्याच्या भरून ठेवल्यात, आणि हे रोज दोन खातात!"