मंगळवारची लाँच

"राहीबाई, हात धरा त्यांचे. घट्ट धरा!"

गोदावरीने सुईत दोरा ओवला. धुळा ओट्यावर उताणा पडला होता. अस्वलाच्या पंजाने त्याचा डावा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला होता. वरचा ओठ फाटून लोंबत होता. गाल पटक्याने दाबून धरत तो रानातून एकटाच चालत आला होता. बधिर करायचं औषध आठवड्यापूर्वीच संपलं होतं.

त्याला बोलता येत नव्हतं. उजवा हात तो सारखा कमरेकडे नेत होता.

"हलू नका, धुळा. सुई डोळ्यात जाईल."

हात पुन्हा कमरेकडे गेला. शेवटी राहीबाईने, त्याच्या चुलतीने, त्याच्याच पटक्याने त्याचे दोन्ही हात बांधून टाकले.

कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी, दाट जंगलात नऊ घरांचा हा धनगरवाडा होता. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गोदावरी सांगलीहून इथे आली. एका संस्थेसाठी तिने स्वखुशीने हे नर्सचं काम घेतलं होतं. वाड्यावर तिला सगळे मान देत, पण तिच्याजवळ कुणी बसत नसे. बायका उंबऱ्याबाहेरूनच गोळ्या घेत आणि वळत. ती दिसली की चाललेलं हसणं थांबे. पावसाळ्यात धुकं थेट खोपटात येई. बाहेरचं झाडसुद्धा दिसत नसे. मग ती कधी कधी स्वतःचंच नाव मोठ्याने उच्चारी. कुणाच्या तरी तोंडून ते ऐकून फार दिवस झालेले असत.

थांबून बोलणारा एकटा धुळा. बायको वारलेली, घरी म्हशी. दुसऱ्या वाड्यांवर जाताना तो तिची पेटी घेऊन पुढे चाले. एकदा चिखलाकडे बघत तो म्हणाला होता, "बाई, हितली समदी पावलं मला वळकू येत्यात. तुमची तेवढी नवी हुती. आता ती बी वळकीची झाली." त्या वाक्यावर गोदावरीने कितीतरी दिवस काढले. त्यापुढे ना तो काही बोलला, ना ती.

"मधासाठी गेला असाल," ती टाका ओढत रागाने म्हणाली. "पोळ्यापायी जीव द्यायचा होता का?"

धुळाने मान हलवायचा प्रयत्न केला. राहीबाईने ती दाबून धरली.

खाली पाण्यावर लाँचचा भोंगा वाजला. दर मंगळवारी दुपारी लाँच येई, माणसं घेई आणि धरणाकडे निघून जाई. भोंगा ऐकताच धुळाचं अंग ताठ झालं. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"झालं, झालं. थोडंच राहिलंय," तिने त्याचे डोळे पुसले. पाणी थांबेना.

एकतीस टाके पडले. राहीबाईने हात सोडले. धुळाने लगेच कमरेची चंची चाचपली आणि पानात गुंडाळलेला एक कागद गोदावरीपुढे धरला.

तार होती. आई अत्यवस्थ. ताबडतोब ये. दादा.

लाँच गेली होती. पुढची आठ दिवसांनी. पायवाटेने निघालं तर दोन दिवसांत मोटाररस्ता गाठता आला असता. गोदावरीने पिशवीही भरली. पण संध्याकाळी धुळाला ताप चढला, गाल सुजून डोळा मिटला. तिने पिशवी खाली ठेवली. आठही दिवस ती त्याची जखम धूत राहिली. त्या आठ दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या मंगळवारी ती निघाली. आई शुक्रवारीच गेली होती.

"तीन दिवस तुझंच नाव घेत होती," दादा म्हणाला. एवढंच. घर माणसांनी भरलं होतं. ती खोलीत आली की तिथलंही बोलणं थांबे.

चौदावा झाल्यावर ती लाँचने परत आली, ते फक्त ट्रंक न्यायला. तिने ठरवलं होतं. ज्या चेहऱ्यापायी आईची भेट हुकली, तो रोज पाहणं तिच्याने होणार नव्हतं.

"अर्धा तास थांबतो, बाई," लाँचवाला म्हणाला.

काठावर धुळा उभा होता. गाल वाकडा जुळला होता. ओठ एका बाजूला ओढला गेला होता. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. तरी ती थांबली.

"तारेत काय होतं, ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय. पोस्टमास्तरनं वाचून दावली."

"मग अस्वलांच्या घळीतून का आलात? वरची वाट होती ना?"

"वरनं याया सांज झाली असती. तुमास्नी लाँच गावली नसती."

"लाँच मिळाली असती तर मी गेले असते. कदाचित परत आलेच नसते."

"ठावं हुतं."

तिचा आवाज चढला. "तार फाडून टाकली असतीत तर कुणाला कळलं असतं? तुमचा चेहरा राहिला असता. मीही राहिले असते."



"तुमी ऱ्हायला असता, बाई," तो अडखळत म्हणाला. "पर मला तुमच्या म्होरं उभं ऱ्हाता आलं नसतं."

मागून लाँचवाला ओरडला, "बाई, ट्रंक आनताय न्हवं? ढग भरून आल्यात!"

गोदावरी वळली.

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "मी येत नाही."