न दुखणारी सुई

धरणगावचे सुरेशचंदशेठ मुंगी चावली तरी गल्ली गोळा करणारे. त्यांना पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक, बी-ट्वेल्व्हचं लालभडक इंजेक्शन लिहून दिलं. कंपाउंडरची सुई म्हणजे भालाच, तेव्हा शेठजींनी घरीच स्वतःच्या मांडीत टोचून घ्यायचा विडा उचलला.

"एकदा जरी ओरडलात, तर थेट कंपाउंडरकडे," राजकुंवरबाईंनी नवऱ्याला बजावलं.

शेठजी गादीवर लोडाला मांडी खेटवून बसले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं तसं मांडीवर बर्फ फिरवला, औषध मुठीत धरून कोमट केलं, स्पिरिट वाळू दिलं, पाय सैल सोडला. मग डोळे गच्च मिटून सुई खुपसली.

अन् काय सांगू, दुखलंच नाही! लोण्यात सुरी जावी तशी गेली. चार आठवडे झाले, चार सुया झाल्या, शेठजींनी हूं की चूं केलं नाही. बाजारभर डंका वाजला.

"शेठ, माले बी शिकाडा!" म्हणत शेजारचा ईश्वर आला, चोपड्याहून दोघं आले, सावद्याहून जीप भरून माणसं आली. पाचव्या आठवड्याला सगळी मंडळी मांडीवर बर्फ धरून शेठजींसमोर बसली. तेवढ्यात राजकुंवरबाई धुवायला काढलेली लोडाची पांढरी खोळ फडकावत बाहेर आल्या. तिच्यावर ओळीने चार गुलाबी डाग.



"अहो, लोडाला चांगला गुण आलाय, आता तुम्ही उठा, कंपाउंडर वाट बघतोय!"